न मळलेलं तेल

ताई,

तुझ्या तेराव्याला पंगतीत वाढता वाढता तुझ्या शेजारच्या काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा. शेवटपर्यंत रविवार चुकवला नाही हो त्यानं. बहिणीचं मन रमावं म्हणून स्वतःच्या गाडीचे शॉकअप काढून आणायचा." दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या. मी पानात बघत राहिलो. मीनाने माझ्या पानात आणखी एक लाडू टाकला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. तिला माहीत होतं. त्या मांडवात ते माहीत असलेली ती एकटीच आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

मी बोलणारा माणूस नाही, हे तू आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलीस. "आमच्या पम्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट काढायचा. आधी तेल सोडा, मग चहा पिऊन या, मग बघा हलतो का." माझ्या लग्नात तू हे मीनाच्या आईला सांगितलं होतंस. त्या बिचाऱ्या घाबरल्या होत्या.

तर आज सरळच लिहितो. तू बोटं झिजवून जुळवलेली ती शॉकअपची जोडी माझ्या गाडीला नव्हतीच. तुझ्या आजारपणात एकदाही नव्हती. मी बाहेर नवी बसवून घेतली होती. तुझ्याकडे रविवारी आणायचो ती माळ्यावरून काढून आणायचो, आणि तू "कशी चालते?" म्हणून विचारलंस की जी उत्तरं द्यायचो ती स्कूटरवर येताना, सिडकोच्या सिग्नलला उभा असताना, मनात तयार करायचो.

हे एवढं तुझ्यासमोर म्हणायला मला एक वर्ष मिळालं होतं. तू असताना.

तुझं हे वेड सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. सातपूरच्या कारखान्यात तुझा सगळा जन्म शॉकअपची चाचणी घेण्यात गेला. मग ती लाइन दुसरीकडे हलवली आणि तुला गुच्छ देऊन लवकर घरी पाठवलं. गुच्छ तू येताना रिक्षातच विसरलीस, की मुद्दाम सोडलास, ते कधी सांगितलं नाहीस. पुढच्याच महिन्यात तू भंगारातून लोखंड घट्ट पकडून धरणारा एक व्हाइस आणलास आणि मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बोल्ट मारून बसवलास. दाजी म्हणायचे, "आमच्याकडे कपडे घरात धुतात आणि गाड्या मोरीत." तेल मोजायची स्टीलची तपेली वेगळी कळावी म्हणून तिच्या कडीला तू लाल दोरा बांधला होतास. त्यात दाजींनी एकदा चहा टाकला. तू चहा हुंगलास आणि म्हणालीस, "प्या आता. सांधे मऊ राहतील."

मीनाने तुला विचारलं होतं, हे नळकांडं नेमकं करतं काय. तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, "खड्ड्यात चाक आपटलं की स्प्रिंग दबते. तिला नुसती सोडली तर गाडी झोपाळ्यासारखी हलत बसेल. म्हणून हा दांडा तेलात खाली-वर होतो आणि तिला आवरतो. तेल जातं भोकांतून, आणि भोकांवर असतात या चकत्या. किती चकत्या, किती जाडीच्या, त्यावर सगळं."

"काकडीच्या चकत्या माहितीयेत मला," मीना म्हणाली.

"त्याच समज. फक्त पोलादाच्या, आणि एक जरी जास्त पडली तरी माणसाची कंबर सांगते."

कंपनीने कायमचं बंद केलेलं नळकांडं तू वरून कापून आणायचीस, त्याला आटे पाडून फिरकीचं झाकण करून घ्यायचीस. म्हणजे ते हवं तेव्हा उघडता यायचं. सील बदलायचं, चकत्या बदलायच्या, तेल भरायचं, बंद. माझ्या गाडीचे मागचे दोन तू असे पहिल्यांदा केलेस त्या दिवशी डाव्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलास. "डावा आहे हा. आयुष्यात एकदा तरी डावं-उजवं लक्षात ठेव." काढलेल्या चकत्या तू मोठ्या सेफ्टीपिनेत ओवून ठेवायचीस, क्रम मोडू नये म्हणून. पिनेच्या डोक्याकडची चकती कुठे जाते, तेही तू मला सांगितलं होतंस. अनेकदा. मी मान हलवली होती.

आणि मग हरसूल. तुझी चाचणी म्हणजे हरसूलचा बाजार. गिरणारे सोडलं, वाघेऱ्याचा घाट लागला की तू गप्प व्हायचीस. मीना पुढे माझ्याजवळ आणि तू मागे, डाव्या बाजूला, चाकाच्या बरोबर डोक्यावर. मांडीवर कागदात चिवडा. डोळे मिटलेले. खड्डा आला की तू कागदाकडे बघायचीस. "दाणे उडाले. परतीला सैल आहे." परतीला म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उठताना. पुढच्या वेळी एक चकती वाढायची. पुढच्या वेळी म्हणायचीस, "दाणे जागेवर आहेत, पण माझे दात वाजले. दाबाला कडक झाली." मी म्हणायचो, ताई, चालेल की आता. तू म्हणायचीस, "चालायला बैलगाडीही चालते."

बाजारात नागली विकणाऱ्या बाईने तुला विचारलं होतं, "ह्यो तुमचा डायवर का, बाई?"

"हो," तू म्हणालीस. "बोलत नाय, पण चालवतो बरा."

परतीच्या वाटेवर घाट संपेपर्यंत तू मला 'ड्रायव्हर' म्हणत होतीस. ड्रायव्हर, हळू. ड्रायव्हर, वळणावर दाबू नका. मीना हसून हसून रडली होती. मला वाटतं आपण तिघं इतके मोकळे पुन्हा कधी झालो नाही.

आता चांदवडचं सांगतो.

मीनाच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. हायवेला गाडी मागून डोलायला लागली, शेपटी हलल्यासारखी. एका गॅरेजवर थांबलो. तिथला माणूस गाडीखाली गेला आणि तुझी आटेवाली झाकणं बघून बाहेर आला. "साहेब, हे कुणी केलंय? घरी केलंय का? बायका-पोरं बसतात ना गाडीत? जिवाशी खेळ आहे हा."

मी म्हणालो, "आहे एक ओळखीचा."

ताई, एवढं लिहून मी मघाशी उठून गेलो होतो. ओळखीचा. बहीण म्हणालो नाही. बाई म्हणालो नाही. ज्या बाईने कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या हजारो शॉकअपवर हात फिरवला तिच्याविषयी मला एका परक्या माणसासमोर, हातात अंगठीची डबी धरून आणि अंगात नवा शर्ट घालून, लाज वाटली. त्याने नवी जोडी बसवली. तुझी डिकीत टाकली.

नाशिकला परत येताना गाडी तशीच डोलत होती. पुढे आमच्याकडच्या मेकॅनिकने शोधून काढलं, मागच्या आडव्या दांड्याचं रबर फाटलं होतं. ते बदललं आणि डोलणं थांबलं. तुझ्या कामात काहीही खोट नव्हती. तेव्हाच तुझी जोडी परत बसवायला हवी होती. पण माझ्या दुकानात दिवाळीचा माल आला होता, नवे लागलेच आहेत तर राहू देत, असं झालं. तुला सांगायचं ठरवून मी त्या रविवारी आलो होतो. खरंच ठरवलं होतं.

दारात दाजी उभे होते. त्यांच्या हातात तुझ्या तपासणीचा लिफाफा होता आणि ते तो उलटा धरून उभे होते. आत तू कॉटवर, पाठीला दोन उशा. मी काही बोलायच्या आत तूच विचारलंस, "कशी चालते रे?"

"मस्त," मी म्हणालो.

तू हसलीस. दाजी नंतर म्हणाले, आजार कळल्यापासून पहिल्यांदा हसली. मग सांग, त्या हसण्यावर मी काय म्हणायला हवं होतं?

हा प्रश्न मी वर्षभर ढालीसारखा धरला. मीनाने त्याला उत्तर दिलं होतं. "पहिल्या दिवशीचं समजू शकते मी. दुसऱ्या रविवारचं काय?"

दुसऱ्या रविवारी तू म्हणालीस, जोडी काढून आण, परतीला अजून एक बारीक चकती घालून बघायचीये. आणि मी आणली. स्कूटरच्या पायाशी पोत्यात गुंडाळून. मी दिसल्या दिसल्या तू विचारलंस, "गाडी जॅकवर ठेवून आलास? चाकाला दगड लावलास ना?"

"लावला."

गाडी माझ्या दारात, चारही चाकांवर, नव्या शॉकअपवर उभी होती.

मग ते नेहमीचंच झालं. तू प्रश्न विचारायचीस आणि तुझे प्रश्न बारीक असायचे. इंदिरानगरच्या बोगद्याजवळच्या गतिरोधकावर मागचं चाक उतरतं तेव्हा गाडी एकदा उठून बसते की दोनदा? भरलेली असताना वेगळी वागते का? वळणावर डावी बाजू आधी बसते की उजवी? मी कधी 'जरा उडते' म्हणायचो, कधी 'जरा जड वाटते'. एकच उत्तर सारखं दिलं तर संशय येईल म्हणून आलटून पालटून. शॉकअप माळ्यावर राहून कोरडे, स्वच्छ दिसायला लागले होते, म्हणून दुकानामागच्या कुंडीतली माती कालवून मी त्यांना फासायचो आणि वाळवायचो. खालच्या बाजूला जास्त, वर कमी. खरं दिसावं म्हणून. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, हेही लिहून टाकतो.

औषधांनी तुझ्या बोटांची टोकं बधिर झाली होती. चकती उचलायला गेलीस की निसटायची, दगडावरून खाली जायची. तू दोरीला बांधलेलं लोहचुंबक सोडून ती शोधायचीस. मी वाकलो की ओरडायचीस, "तू बस. तुझ्या पायाखाली येईल." मी बसायचो. जे कधी गाडीला लागणार नाही त्यासाठी तू वाकलेली असायचीस आणि मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चहा प्यायचो. शेवटी जोडी जुळली का बघायला दोन्ही दांडे एकदम ओढावे लागतात. तेवढी ताकद तुझ्यात राहिली नव्हती. ते काम तू मला दिलंस. "डोळे मीट आणि ओढ. दोन्ही हातांना सारखं लागतंय का?"

"लागतंय."

ते मात्र खरं होतं. त्या वर्षात मी तुला दिलेलं तेवढंच खरं उत्तर.

आणि तू एकदा, झाकण फिरवून उघडल्यावर, तेल तपेलीत ओतताना म्हणालीस, "तुझं तेल मात्र स्वच्छ राहतं हं, पम्या. जपून चालवतोस." मी बरं वाटून घेतलं. घरी येऊन मीनाला सांगितलं, ताई म्हणाली मी जपून चालवतो. तिने पोळी लाटायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं, पण तिलाही ते कळलं नव्हतं.

इथपर्यंतचं एक वेळ भावाचं भाबडं खोटं म्हणून खपलं असतं. पुढचं खपत नाही.

दुखणं तुझ्या पाठीच्या हाडांत उतरलं. मुंबई नाक्याकडच्या त्या दवाखान्यात तुला सारखं न्यावं लागायचं. आणि मी तुला माझ्या गाडीतून नेलं नाही. एकदाही नाही. कारण तू मागे, डाव्या बाजूला बसली असतीस, आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी जो पहिला खड्डा आहे तिथेच तुला कळलं असतं की खाली तुझं काम नाही. जिला दाण्याच्या उडण्यावरून चकतीची जाडी कळते तिला काय फसवणार होतो मी? म्हणून मी भाड्याची गाडी मागवून द्यायचो. ती नाही आली तर दाजी रिक्षा आणायचे. मी स्कूटरवरून मागे यायचो. रिक्षाच्या मागच्या काचेतून तुझं डोकं दिसायचं. खड्डा आला की ते एका बाजूला जायचं आणि तुझा हात वरच्या दांडीवर घट्ट व्हायचा.

"गाडी मालानं भरलीये, ताई." "तिकडे पार्किंग मिळत नाही, ताई." "आज मीना घेऊन गेलीये."

तू एकदा सरळ विचारलंस, "एकदा तुझ्या गाडीतून ने ना रे. मागे, माझ्या जागेवर. या रिक्षात मणका न् मणका मोजून होतो."

"नेतो ना. जरा बरी हो."

"बरी झाले तर मी बसनं जाईन. गाडी कशाला लागेल मला तेव्हा?"

मीना म्हणायची, अहो, जुने बसवून घ्या ना परत, एका दिवसाचं काम आहे. दिवसाचंच होतं. आधी त्या चांदवडवाल्याचा 'जिवाशी खेळ' डोक्यात होता. मग आळस. आणि मग असं झालं की तू ते माझ्या खोट्या उत्तरांवर जुळवत गेली होतीस, असं मी धरून चाललो होतो. ते बसवले असते तर गाडी भलतीच चालली असती आणि तुला माझं प्रत्येक उत्तर एकामागून एक उघडं पडलेलं कळलं असतं. तुझ्या पाठीपेक्षा मला माझी उत्तरं जपायची होती. याहून सभ्य शब्दांत मला ते मांडता येत नाही.

शेवटच्या रविवारी तू कॉटवरून उठली नाहीस. जोडी दगडावर होती. डावा बंद झाला होता. उजवा उघडा, व्हाइसमध्ये. "पुढच्या खेपेला करू," म्हणालीस. पुढची खेप आली नाही.

तेराव्यानंतर दाजींनी बोलावलं. म्हणाले, "प्रमोद, ते मागचं सामान घेऊन जा बाबा. मला तिथे कपडे वाळत घालायला जाववत नाही." मी गेलो. दगडावर सगळं तसंच होतं. लाल ठिपक्याचा डावा. उघडा उजवा. सेफ्टीपिनेत चकत्या. लाल दोऱ्याच्या तपेलीवर ताटली झाकलेली. मी ताटली काढली. उजव्यातून काढलेलं तेल, मधासारखं, तळाला तपेलीचा गोल स्पष्ट दिसत होता.

मी ते मोरीत ओतायला निघालो तर दाजी म्हणाले, "अरे ओततोस काय? तेच परत भर. ती तेच भरायची."

"जुनं तेल परत?"

"तुझ्यापुरतं. माझ्या स्कूटरचे उघडले होते तिनं, ते बघ," त्यांनी कोपऱ्यातली बाटली दाखवली. आत राखाडी, गढूळ पाणी पडल्यासारखं तेल होतं. "चाललेल्या शॉकअपचं तेल असं होतं म्हणायची. आतलं लोखंड घासतं ना. पहिल्या महिन्यातच मळतं. तुझं फेकू द्यायची नाही. म्हणायची, पम्याचं ठेवा, ते चाललेलंच नसतं."

मी तपेली खाली ठेवली.

"मला वाटलं तुमचं दोघांचं काही ठरलंय," दाजी म्हणाले. "की तुला माहितीये, तिला माहितीये, नि आपलं चाललंय."

"कधीपासून म्हणायची असं?"

"सुरुवातीपासूनच की. दुसऱ्यांदा आणलेस तेव्हापासून. मी म्हटलं तिला, मग बोल ना त्याला. तर म्हणाली, गप्प बसा, बघू या किती दिवस चिखल फासून आणतो ते."

"हसत म्हणाली का, दाजी? की चिडून?"

दाजींनी खूप वेळ विचार केला. त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे मी पाहिलं. "आता नाही रे आठवत," ते म्हणाले.

ताई, मी बाहेर माती फासत राहिलो आणि आत तेल स्वच्छ राहिलं. 'जपून चालवतोस.' तू मला हाताला धरून उत्तरापर्यंत नेलं होतंस आणि मी शाबासकी समजून घरी गेलो.

आता माझं ऐक. मी गुन्हेगार आहे ते लिहून झालं, पण तूही कमी नाहीस. तुला कळलं होतं तर वर्षभर मला त्या स्टुलावर बसवून कशाला विचारत राहिलीस, एकदा उठते की दोनदा? माझी फजिती बघत होतीस? की मी यावं म्हणून दोरी सैल सोडली होतीस? आणि दगडाचं? गाडी जॅकवर नाही हे ठाऊक असताना, दर वेळी, "दगड लावलास ना?" एक वाक्य बोलली असतीस, "पम्या, पुरे आता, गाडी काढ" एवढंच, तर मी त्याच दिवशी गाडी दारात लावली असती. तू रिक्षाची दांडी धरून गेलीस पण ते वाक्य बोलली नाहीस. तुझा हट्ट तुझ्या मणक्यांपेक्षा कडक निघाला. मी कबूल करेपर्यंत तू थांबणार होतीस. थांबलीस. दोघांपैकी कुणीच हललं नाही आणि मध्ये तू गेलीस.

रागाने लिहिलं. खोडत नाही. पण "त्याच दिवशी लावली असती" हे खरं आहे का, याची मला खात्री नाही. तू बोलली असतीस तर मी कदाचित रविवारी येणंच बंद केलं असतं. तू मला ओळखून होतीस. बहुतेक तेच तुझं उत्तर असेल. बहुतेक.

सामान मी घरी आणलं. उजवा मी स्वतः जुळवायला बसलो. पिनेतल्या चकत्या एका टोकाला मोठ्या, दुसऱ्या टोकाला लहान. आणि पिनेचं डोकं भोकांच्या बाजूला की उलट, ते मला आठवेना. तू किती वेळा सांगितलं असशील. मी अंदाजाने एक बाजू धरली. तपेलीतलं तेच तेल भरलं. झाकण फिरवलं. मग डोळे मिटून दोन्ही दांडे एकदम ओढले. डाव्या हाताला जड, शांत. उजव्या हाताला पाण्यातून काठी काढावी तसं. जोडी जुळली नव्हती. तरी मी त्याच दिवशी दोन्ही बसवले. उघडून पुन्हा करायला हवं होतं, पण मला थांबवेना.

सकाळी हरसूलला निघालो, हळूहळू. मीना येते म्हणाली, मी नको म्हणालो. गिरणाऱ्यात टोमॅटोच्या गाड्या लागल्या होत्या. पुढे घाट. मागच्या सीटवर डाव्या बाजूला मी कागदात चिवडा ठेवला होता. वेडेपणा आहे, माहीत आहे. वर थांबून मागे बघितलं. कागद ठेवला तसा होता.

तर तू विचारलंस ना, कशी चालते. पहिल्यांदाच सांगतोय, नीट ऐक.

डावी बाजू खड्ड्यात उतरते, उठते आणि बसते. एकदाच. दाबाला मऊ आहे. घाटातल्या तुटलेल्या कडेवरून चाक गेलं तेव्हा नुसता आवाज आला, धक्का नाही. पाठ दुखणाऱ्या माणसाला मागे डावीकडे बसवून नाशिकभर फिरवता येईल. मी वर्षभर जे जे सांगितलं, जरा उडते, जरा जड वाटते, त्यातलं एक अक्षर तू यात घातलेलं नाहीस. तू हे माझ्या उत्तरांवर नाही जुळवलंस. तू हे तुझ्या पाठीवर जुळवलंस, रिक्षातून जाता-येता. आणि त्यात बसली नाहीस.

उजवी बाजू, माझी, दोनदा उठते. गतिरोधकावर तीनदा. परतीला काही अडवतच नाही. पिनेचं डोकं उलटं धरलं गेलं, दुसरं काही नाही. रविवारी उघडतो. चकत्या फिरवून लावतो आणि पुन्हा घाटात नेऊन बघतो. तोपर्यंत गाडी दारात उभी आहे.

आणि शॉकअप बसवताना गाडी जॅकवर घेतली होती. चाकाला दगड लावला होता, ताई.